करड्या ट्रकचं वकीलपत्र

तीर्थस्वरूप मामांस,

दोन्ही गुडघे टेकून नमस्कार. (तुमचे गुडघे वाकत नाहीत हे मला ठाऊक आहे, म्हणून तुमच्या वाटचेही मीच टेकले असं समजा.) तुमचा खोकला, तुमचं कानातलं यंत्र आणि मामींची लिंबाची रोपं या सगळ्यांची प्रकृती कळवावी. यंत्राची विशेष. गेल्या खेपेला मी बोलायला लागलो की तुम्ही ते कानातून काढून खिशात टाकत होतात आणि माझ्याकडे प्रसन्न चेहऱ्याने बघत बसत होतात. मी तेव्हा रागावलो होतो. आता राग उरलेला नाही. का, ते पुढे येईल.

इकडे सर्व ठणठणीत. तुमची बहीण, म्हणजे आमची आई, रोज सकाळी फिरायला जाते आणि वाटेत भेटेल त्याला मी लहानपणी किती रडका होतो ते सांगते. त्यामुळे माझ्या सभांना येणाऱ्या लोकांच्या चेहऱ्यावर अलीकडे एक आपुलकी दिसू लागली आहे, आणि ती चळवळीला फार मारक आहे. परवा मी कामगारांच्या विश्रांतीच्या हक्कावर बोलत असताना पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी मला पाणी आणून दिलं आणि पाठीवरून हात फिरवला. अशाने व्यवस्था बदलत नसते, मामा.

मुद्द्यावर येतो. (सभेत मी हे वाक्य उच्चारलं की लोक पाय लांब करून बसतात. तुम्हीही बसा.) तुमच्या भाचीला, आमच्या ताईला, टेकडीवरच्या वस्तीसाठी पाण्याची टाकी खोदायचं काम मिळालं आहे. आजवर ती दुसऱ्यांनी घेतलेल्या कामात आपलं मशीन घेऊन जायची. हे पहिलं काम तिच्या एकटीच्या नावावर आहे. सोमवारी सकाळी तिचं पोकलेन टेकडीवर उभं असलं पाहिजे, नाहीतर काम दुसऱ्याकडे जाईल. आता पोकलेन म्हणजे काही सायकल नव्हे. लोखंडी पट्ट्यांवर चालणारं, लांब हाताचं, घराएवढं ते धूड स्वतःच्या पायांनी रस्त्यावरून नेलं तर रस्ताही राहत नाही आणि पट्टेही. ते ट्रेलरवर चढवायचं, साखळ्यांनी बांधायचं आणि ट्रकने ओढून न्यायचं. ताईचा जुना ट्रक गेल्या महिन्यात कायमचा बसला. तेव्हा नवा, निदान आपल्याला नवा, असा ट्रक निवडायचा होता.

मी या विषयात उडी घेतली हे तुम्हाला सांगायला नको. ग्रंथालयात जाऊन इंजिनांवरचं मिळेल ते वाचून काढलं. (ग्रंथपालांनी विचारलं, "भाषणं सोडलीत का?" मी म्हटलं, "भाषणाला चाकं लावतोय.") मामा, काय विलक्षण विषय आहे हा. माणसाने अवजड दगड ओढायला सुरुवात केली त्या दिवशी तो माणूस झाला असं माझं ठाम मत बनलं आहे. लोक हॉर्सपॉवरच्या आकड्यावर भाळतात. पण हॉर्सपॉवरवर ठरतं ते काम किती वेगात उरकेल हे. उभ्या जागेवरून ओझं हलवायला लागते ती चाकाला पिळून फिरवणारी ताकद, टॉर्क. ताईने हे सगळं एका वाक्यात सांगितलं असतं, आणि सांगितलंच: "चढावर मध्येच थांबून पुन्हा निघता आलं, तो आपला ट्रक." पण वाचल्याचा आनंद वेगळा असतो.

जुने ट्रक विकणाऱ्या गृहस्थांच्या आवारात दोन ट्रक आमच्या पसंतीस उतरले. एक पांढरा: नितळ, गोल कडांचा, आत हवेशीर, सीट अशी की माणूस तिच्यावर बसून आत्मचरित्र लिहील. दुसरा करडा: नाक बसकं, दारं जाड, आत बसलं की स्टुलावर बसल्यासारखं वाटतं. पण त्याचं इंजिन सुरू केलं तेव्हा जमिनीतून माझ्या तळपायांत काहीतरी चढलं आणि थेट छातीपर्यंत आलं. हजारोंच्या सभेत लोक एकदम गप्प होतात त्या क्षणी असं होतं. विक्रेतेही सरळ माणूस. त्यांनी स्वतःहून सांगितलं, "पोकलेन ओढायचं असेल तर करडा घ्या. पांढरा सपाटीवरचा राजा आहे." दुकानदाराने आपल्याच दुकानात इतकं खरं बोलावं, हे पाहून मी त्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. शेवटी त्यांनी तो हळूच काढून घेतला.

म्हणजे मला करडा हवा होता. ताईला करडा हवा होता. विकणाऱ्यालाही करडाच द्यायचा होता. आणि तरी आम्ही पांढरा घेण्याचं ठरवलं. याचं कारण तुम्ही आहात.

तुमचीच पद्धत तुम्हाला सांगणं उद्धटपणाचं आहे, पण तिची फळं तुम्हाला दिसावीत म्हणून सांगतो. बाबा गेल्यावर आमच्या घरात ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं होऊ लागलं (आवाज माझा होता, वय कोवळं होतं), तेव्हा तुम्ही येऊन नियम घातलात. मोठा निर्णय असला की तीन चिठ्ठ्या टाकायच्या. एक या बाजूची, एक त्या बाजूची, एक कोरी. जी बाजू हाताला लागेल ती जीव तोडून मांडायची, स्वतःचं मत घरी ठेवून. (घरातच असताना मत कुठे ठेवायचं, असं मी तेव्हा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "मोरीत.") कोरी चिठ्ठी ज्याला, त्याने तोंड उघडायचं नाही. आणि आईने निकाल द्यायचा, तो फक्त खोलीत जे ऐकलं त्यावरून. बाहेरचं ज्ञान आणायचं नाही.

तर चिठ्ठ्या टाकल्या. ताईला कोरी आली. भावोजींना करडा आला. भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, ताडपत्र्या शिवतात, आणि त्यांना स्वतःला पांढरा पसंत होता, कारण त्याच्या सीटचं शिवणकाम त्यांना फार आवडलं होतं. आणि मला पांढरा आला.

मामा, मी काय करायला हवं होतं? मुद्दाम पडेल बोलायचं? तुम्ही मला ते शिकवलेलं नाही. मी उभा राहिलो. डिझेलपासून सुरुवात केली, चालवणाऱ्याच्या पाठीच्या कण्यावर आलो, आरशांतून दिसणाऱ्या रस्त्याचं वर्णन केलं, आणि मग माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे, मी शक्तीच्या माजावर घसरलो. म्हणालो, जगातलं बहुतेक दुःख गरजेपेक्षा जास्त ताकद हाती आलेल्यांनी निर्माण केलं आहे. या घराने तरी पुरेशा ताकदीत समाधान मानावं. शेवटी शेवटी तो पांढरा ट्रक मला संतासारखा दिसू लागला. आईने डोळे पुसले. कोरी चिठ्ठी मुठीत धरून ताई माझ्याकडे अशी बघत होती की दुसरा कुणी असता तर खाली बसला असता. मी आणखी एक मुद्दा मांडला.

मग भावोजी उठले. म्हणाले, "करडा ओढेल." आणि बसले.

आई म्हणाली, "जावईबापू, आणखी काही?"

"नाही. ओढेल एवढंच."

"ओढेल हे ऐकलं. का ओढेल ते नाही ऐकलं." आईने चष्मा काढला. "पांढरा."

ताईने कोरी चिठ्ठी मुठीतच चुरगळली. खोलीबाहेर आल्यावर ती मला एवढंच म्हणाली, "छान बोललास रे, मेल्या."

काल विक्रेत्यांनी पांढरा चालवून बघायला दिला. ट्रेलर जोडला, त्यावर पोकलेन चढवलं, मी ताईच्या शेजारी बसलो आणि दगडखाणीमागच्या चढाला लागलो. टेकडीवरचा चढ याहून उभा आहे. सपाटीवर तो ट्रक खरोखर राजासारखा गेला. (सीटबद्दल मी जे बोललो होतो त्यातला शब्दन् शब्द खरा आहे.) चढाच्या मध्यावर तो आधी विचारमग्न झाला, मग उदास झाला, आणि वळणाच्या जरा अलीकडे थांबला. ताईने पुन्हा निघायचा प्रयत्न केला. इंजिन ओरडलं, क्लच जळल्याचा वास आला, चाक तसूभर पुढे सरकलं नाही. मागे तेवढं लोखंड साखळ्यांत ताणून उभं होतं.

आता मी जे पाहिलं ते मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. ताईने ब्रेक आवळले, चाकांखाली लाकडी ठोकळे लावायला मला खाली उतरवलं आणि म्हणाली, "आता मागे जाऊन उभा राहा. ठोकळा काढ म्हटलं की काढ. हाताने दिशा दाखव. बोलू नकोस."

मी हात वर केले. तुम्ही माझे हात पाहिलेच आहेत. ते वर गेले की आपोआप जनसमुदायाला आवाहन करू लागतात. ताई खिडकीतून ओरडली, "अरे सभा घेतोयस का? हात खिशात घाल." मी ठोकळे काढून बाजूला टाकले आणि हात खिशात घातले. त्यानंतर तिने तो सगळा लवाजमा, मागे ट्रेलर, त्यावर पोकलेन, खालच्या एका अरुंद वळणावरून उलटा खाली आणला. मामा, ट्रेलर उलटा न्यायचा तर त्याची शेपटी डावीकडे वळवायला स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवावं लागतं, आणि ती वळू लागली की लगेच सावरावं लागतं, नाहीतर ट्रक आणि ट्रेलर कात्रीसारखे मिटतात. ताई एकदा या आरशात बघत होती, एकदा त्या आरशात, आणि दोन्ही हातांनी ते चाक इतकं थोडं थोडं फिरवत होती की जणू झोपलेल्या मुलाच्या डोक्याखालची उशी काढतेय. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला खाणीचा खड्डा. एकही धक्का बसला नाही. माणसांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवाव्यात म्हणून मी आयुष्य घालवलं. काल पहिल्यांदा मी एकटा उभा राहून दुसऱ्यासाठी वाजवल्या. तिने त्या आरशात पाहिल्या आणि म्हणाली, "पुरे. ठोकळे उचल."

खाली आल्यावर मी म्हटलं, झालं, आता निकाल फिरव, करडा घे, आईला मी समजावतो. तेव्हा ती ट्रकच्या पायरीवर बसली आणि पाणी प्यायली. म्हणाली, "मी पोकलेन घ्यायचं म्हणाले तेव्हा घरात कोणाला हवं होतं?"

कोणालाच नको होतं. आईला तर मुळीच नाही, आणि मलाही नाही. पण तेव्हा चिठ्ठीत पोकलेन मला आलं होतं. मी बोललो, आणि आईने रडत, मनाविरुद्ध, ताईच्या बाजूने निकाल दिला.

"आईने तेव्हा तो निकाल मोडला नाही," ताई म्हणाली, "म्हणून हे मशीन माझं आहे. आता माझ्या सोयीचा नाही म्हणून मी मोडू?"

मी तिच्याकडून पाणी घेतलं आणि उरलेलं पिऊन टाकलं. ताई सोमवारी पांढराच घेऊन टेकडीच्या चढाला लागणार आहे, आणि ती बोलते तसं करते हे तुम्ही जाणता. अशी माणसं या घरात जन्मली याचा मला जितका अभिमान वाटतो तितकीच काळजी.

बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार, रोपांना पाणी.

तुमचा भाचा

ता. क. तुमच्या नियमात एक शेवटचं कलम आहे, ते तुम्ही घातलंत तेव्हा आम्ही हसलो होतो: घराबाहेरचा नातलग हरलेल्या बाजूचं वकीलपत्र घेऊन आला तर वाद पुन्हा मांडता येतो. विक्रेत्यांनी दोन्ही ट्रक रविवारपर्यंत राखून ठेवले आहेत. तुम्ही शनिवारी या. करड्यासाठी बोला. मला हरवा. आजवर मला हरवलंय ते फक्त तुम्ही.

ता. क. २. मी मुद्दाम हरेन असं समजून तयारीशिवाय येऊ नका. ताईने माझ्याकडून वचन घेतलं आहे की पांढऱ्याची बाजू मी पूर्ण ताकदीने मांडेन. शिवाय हे पत्र लिहिता लिहिता मला पांढऱ्याच्या बाजूने आणखी काही मुद्दे सुचले आहेत. त्यातला एक तर इतका सुंदर आहे की तो सुचल्यावर मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

ता. क. ३. म्हणून हात जोडून एक विनंती. मी बोलायला उभा राहिलो की कानातलं यंत्र काढा आणि मी बसेपर्यंत खिशातच ठेवा. ऐकू नका. ऐकलंत तर तुम्हालाही पांढरा पटेल, आणि सोमवारी ताई त्या चढावर एकटी असेल.