सतरा नंबरचा फॉर्म

नायगाव, शनिवार, ९ जून १९८४

प्रिय रघु,

शाळेत तुला 'सर' म्हणावं लागतं, आणि एकदा 'सर' म्हटलं की माझं अर्धं बोलणं घशातच राहतं. म्हणून दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या माणसाला पत्र लिहितोय. चिडून लिहितोय, हे आधीच सांगतो.

गेल्या जूनमध्ये तू हेडमास्तर झालास तेव्हा सगळ्या स्टाफला पेढे मी वाटले. आपण शिकलो त्याच शाळेत, आपल्यातलाच, गिरणीकामगाराचा मुलगा! वाटलं, आता प्रयोगशाळा उघडेल. उघडली ना, इन्स्पेक्शनच्या दिवशी. नवे सूक्ष्मदर्शक कपाटात आणि किल्ली तुझ्या जुडग्यात, कारण काय तर मुलं फोडतील. अरे, फोडू देत की! गणिताचे सर जुलैत निवृत्त झाले. डिसेंबरपर्यंत माझ्या नववी ब ला गणित पी.टी.च्या सरांनी शिकवलं, म्हणजे मैदानावर नेलं. मी चार अर्ज दिले, तू चारही अर्जांवर 'पाहू' लिहिलंस. गेटवरचा निकालाचा फळा मात्र नवा रंगवून आला.

आपल्या वेळी शाळेचा निकाल पन्नास टक्क्यांच्या आसपास घुटमळायचा, आठवतं? पण जुन्या हेडमास्तरांनी कुणाला वाटेला लावलं नाही. नववीत तुला गणितात छत्तीस होते. त्यांनी तुला वर्षभर सकाळी साडेसहाला बोलावून स्वतः शिकवलं. तुला म्हणाले असते का, रघु, तू आमचा निकाल पाडशील, दाखला घेऊन जा?

तू अकरा जणांना तेच म्हणालास. म्हणजे मला म्हणायला लावलंस. काठावर पास झालेल्या मुलांच्या घरी जायचं, दहावी झेपणार नाही म्हणून सांगायचं, दाखल्याच्या अर्जावर सही घ्यायची आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा म्हणायचं. म्हणजे पडली तर बोर्डाच्या यादीत पडतील, तुझ्या फळ्यावर नाही. आणि मी गेलो रे! तुझा मित्र म्हणून गेलो, याची लाज जास्त वाटते.

कालिंदीच्या घरी शेवटी गेलो. बीडीडी चाळीतली, कोंडीरामची मुलगी. विज्ञानात अडतीस. पस्तीसला पास होतात, रघु. संपात कोंडीरामचा गिरणीतला साचा सुटला तो कायमचा. त्याची बायको पुतळाबाई खानावळीसाठी पोळ्या लाटते आणि घरातले सगळे त्यावर जेवतात. मी म्हटलं, वर्षभर घरी निवांत अभ्यास होईल. त्या दहा बाय बाराच्या खोलीत, आठ माणसांत निवांत! कोंडीरामने अर्ज पुढे ओढला. म्हणाला, "मास्तर, तुमी सांगतास तां बऱ्यासाठीच आसतला," आणि सही केली. पुतळाबाईने लगेच दुसरा पोळपाट काढून पोरीपुढे ठेवला. सोमवारी शाळा उघडेल तेव्हापासून तिचं काय होणार ते मला तिथेच दिसलं. खुंटीवर इस्त्री केलेला युनिफॉर्म होता. मी निघालो तर कालिंदी जिन्यापर्यंत आली आणि तिने विचारलं, "सर, सतरा नंबरवाल्यांना प्रयोगशाळा असते?"

वर्षभर मी तिला लिटमसचा रंग खडूने फळ्यावर दाखवला. ती नापास झाली असती तर तो माझा आणि तुझा निकाल असता. तरीही ती पास झाली, आणि आपण तिलाच घरी बसवतोय.

आता हे पत्र का, ते सांगतो. गुरुवारी तू विचारलंस तेव्हा अकरा अर्ज ऑफिसात दिले म्हणालो, ते खोटं होतं. ते माझ्या पिशवीत होते. काल आणि आज मी पुन्हा अकरा घरं फिरलो. प्रत्येक घरी अर्ज परत दिला आणि सांगितलं, मी फसवलं, तुमचं मूल पास आहे, शाळेत पाठवा. कोंडीरामने माझ्या हातून अर्ज घेतला. त्याने चहा विचारला नाही. सोमवारी सकाळी अकराही जण गेटवर येतील. त्यांना परत पाठवायचं असेल तर कुणा शिपायाला उभं करू नकोस, तू स्वतः ये. एकेकाचं नाव घे आणि तोंडावर सांग. मी त्यांच्या रांगेत शेवटी उभा असेन, आणि या वेळी तुला 'सर' म्हणणार नाही.

अजून तरी तुझाच,
जयवंत