कोपर सुटलं हे सांगायचं कुणी

आय, तुझंच चुकत होतं, आणि हे मी आजही म्हणतो. कोपर सुटलं की नाही ते बघायला पंच असतो. खेळणाऱ्याने फक्त जोर लावायचा. तू उलटंच शिकवलंस, आणि त्यापायी मी इथे समुद्रापार कंपनीच्या कॅम्पच्या खोलीत सहा माणसांत बसलोय. चार दिवसांवर धाकट्या बहिणीची हळद आली. आय नाही तर तिच्या जागी मी उभा राहीन, असं मी पोरीला कबूल केलं होतं. तू म्हणशील, परत जुनंच काढतोय. हो, काढतोय. तू गेलीस त्याला नऊ वर्षं झाली म्हणून भांडण मिटलं असं नाही.

कळंबला मासेमारीची बंदी असली की होड्या वर ओढलेल्या, बाप्यांना काम नाही. मग मासळीच्या उलट्या क्रेटवर गोणपाट टाकून पंजा लावायचे. कोपरं सांभाळायला तुला बसवायचे, कारण चंदनसारच्या बाजारात कुणी तराजूच्या पारड्याला नख जरी लावलं तरी तुला पाठमोरीला कळायचं. कोपरांकडे तू बघायचीसच नाहीस. दोघांच्या कोपरांखाली जाळ्याचा तंगूस, तो बारीक नायलॉनचा धागा, एकेक घालायचीस आणि टोकं बोटांत धरून बसायचीस. कोपर दाबलेलं असेपर्यंत धागा अडकून राहतो, जरा उचललं की तुझ्या हातात येतो. इथपर्यंत मला मान्य आहे. पण धागा हातात आला तरी तू तोंड उघडत नाहीस. त्या माणसाकडे नुसती बघत राहतेस, तो स्वतः 'सुटलं' म्हणेपर्यंत. म्हणाला तर हात सोडवून पुन्हा लावायचा, दुसऱ्यांदा सुटलं तर हार. नाही म्हणाला तर खेळ चालू, पण जिंकला तरी तू त्याचा हात वर करायची नाहीस. ही कुठली पंचगिरी?

मी शाळा सोडून वालीवच्या गाळ्यात पत्रे उचलायला लागलो होतो, दंड नवीन भरले होते, आणि त्या वर्षी मी होडी हाकणाऱ्या तांडेलाचा हात पाडला. अख्ख्या किनाऱ्यावर त्याला कुणी हरवलं नव्हतं. पोरांनी मला उचललं आणि तू तशीच बसलेली, एका हातातला धागा सैल. मी ओरडलो की पंच तू आहेस, सुटलं असेल तर तू बोल. तू हाताचे खवले लुगड्याला पुसत म्हणालीस, "कोपर कोनाचं? तुझं ना? मंग मला कशाला इचारतो?" तांडेलच हसून म्हणाला, जाऊ दे गो, जिकला पोर. तू हात वर केला नाहीस. दोन दिवस मी तुझ्या हातचं जेवलो नाही.

इथे आल्यावर मला खरा नियम कळला. आमचा केरळचा सुपरवायझर गावी क्लबात खेळलेला आहे, त्याने लोखंडी टेबल बनवून घेतलं, कोपरांसाठी दोन रेक्झिनच्या गाद्या लावल्या. तो सांगतो, गादीवर कोपर कितीही सरकलं तरी चालतं, गादी सोडली तरच फाउल, आणि दोन फाउल झाले की हार. तुझा धागा नुसतं सरकल्यावरपण निघत असणार. म्हणजे त्या दिवशी माझं सरकलं असेल, सुटलं नसेल. नक्की काय झालं ते मला आठवत नाही. आठवायचं नाही म्हण. आणि माझं मत विचारशील तर पंच दोन पाहिजेत, एक वर हातांपाशी आणि एक खाली, डोळे गादीच्या पातळीला लावून. हात खाली जाताना कुणी मुद्दाम कोपर उचलून सुटका करून घेत असेल तर त्याला पुन्हा पकड द्यायची नाही, तिथेच हरवायचा. आणि खेळणाऱ्याला काही विचारायचं नाही.

आमच्याकडे पंच एकच होता. कंपनीने बक्षीस लावलं, जिंकेल त्याला पंधरा दिवस सुट्टी आणि येण्याजाण्याचं तिकीट. एरवी माझी सुट्टी पुढच्या वर्षी, पासपोर्ट कंपनीच्या ऑफिसातल्या कपाटात. शुक्रवारी दुपारी फायनलला माझ्यासमोर नेपाळी वेल्डर. माझा एक फाउल आधीच झालेला, तो सुपरवायझरने पकडला होता. मग मी त्याचा हात वळवला, खाली नेतोय, सुपरवायझर हात टेकतो का ते बघायला वाकलाय, आणि माझं कोपर उठलं. कागद जाईल एवढंच. कुणी बघितलं नाही. हात टेकला. आणि माझ्या तोंडातून आलं, "सुटलं."

मराठी कळणारं तिथे कुणी नव्हतं. सुपरवायझर म्हणाला, "क्या बोला?" तिथे मी गप्प बसू शकत होतो, आय. काही नाही म्हटलं असतं तर तिकीट माझं होतं. मी हिंदीत सांगितलं की कोहनी उठी थी. तो वैतागला. म्हणाला, "मैंने नहीं देखा. जो मैंने नहीं देखा, वो फाउल नहीं." हेच मी तुला इतकी वर्षं सांगतोय. पण नेपाळ्याच्या खोलीतले सगळे उठले, खुद बोल रहा है म्हणून कल्ला केला, आणि सुपरवायझरने माझ्याकडे बघत त्याचा हात वर केला. तो वेल्डर बाहेर नळावर मला म्हणाला, "भाई, तू पागल है क्या?" काल तो गावी गेला. मी आज दिवसभर परांचीवर होतो, चाळीस फुटांवरून विमानं दिसतात.

मला चांगलं काही वाटलं नाही, हे तुला सांगून ठेवतो. नुसता राग येतोय. कुणाचा ते कळत नाही, म्हणून तुझ्यावर काढतोय. तू असतीस तर निदान समोरून भांडलो असतो.

धाकटीला मी खरं सांगितलेलं नाही. सुट्टी नामंजूर झाली, एवढंच बोललो. ती म्हणाली, "कंपनीवाले असलेच रे, दादा," आणि मी हो म्हटलं. हळदीच्या जेवणासाठी बाबांच्या खात्यात टाकतोय, अठ्ठावीस हजार.