खुबी – ऐ.

रवि. २ फेब्रु., जळगाव
काल संध्याकाळच्या एसटीने धुळ्याहून आलो. घर झाडलं, टेबल पुसलं. दुपारी तिघं आली. स्नेहा (मृणालबरोबर शाळेत शिकवणारी), प्रफुल्ल, आनंद. मृ.ला जाऊन तीन महिने झाले, तेव्हापासून त्यांचा रविवारचा खेळ बंद होता. स्नेहा म्हणाली, "भाऊ, आता मी चालवते. पण ताईंच्या घरी बसून तुम्ही आत, आम्ही बाहेर, असं नको. तुम्हीपण बसा."
सात वर्षं बायकोच्या या लोकांना फक्त चहा दिला. बसलो.
टेबलाशी बसून गोष्ट रचायचा खेळ; एकाने ती चालवायची, बाकी प्रत्येकाने एक पात्र करायचं. मी नावाडी केला, नाव सखा. मग म्हणे खुबी निवडा. म्हणजे त्या पात्राला जास्तीचं काय येतं ते. अंधारात दिसणं, जनावरांशी बोलणं वगैरे. मृ.च्या अक्षरात चाळीस खुब्यांची यादी. पूर्ण वाचली. एकही घ्यावीशी वाटली नाही. रकाना कोरा ठेवला.
प्रफुल्ल भडगावचा, बियाण्यांचं दुकान आहे. म्हणाला, "भाऊ, तुमना गडी बठ्ठास्ना पहिले मरी."
म्हणजे माझा सखा सगळ्यांच्या आधी मरणार. हसलो. बऱ्याच दिवसांनी.

बुध. ५, धुळे
ऑफिस. जमीन-मोजणीची दोन प्रकरणं, दोन्हीत शेजारी गैरहजर. खोलीवर लवकर आलो.
रविवारची वाट पाहतोय. त्या टेबलावर मृ.चं नाव कुणी आवाज खाली करून घेत नाही. "ताईंनी हे चालूच दिलं नसतं" म्हणून सरळ भांडतात.

रवि. ९, जळगाव
आज माझ्यावरूनच वाद. सखाला काहीच येत नाही म्हणून स्नेहा त्याच्या वाटेला लंगडे लांडगे पाठवते. आनंद चिडला. "मग आम्ही निवडून काय उपयोग? खुबी सगळ्यांना सक्तीची करा."
स्नेहा : "ज्याला नको त्याला नको म्हणता आलं पाहिजे. आणि तुझ्यासारखं दर वेळी यादीत बोट फिरवण्यापेक्षा भाऊ निदान विचार तरी करतात."
प्रफुल्ल : "इचार करता करता लांडगा खाई गया ना, बाई."
शेवटी मृ.ची नियमांची वही काढली. तिथे एवढंच : "खुबी – ऐ."
स्नेहा लगेच म्हणाली, ऐच्छिक. शाळेच्या वेळापत्रकात ताई चित्रकलेपुढे असंच लिहायच्या. विषय संपला.
मी चहा टाकायला उठलो. आमच्या घरच्या यादीत "कोथिंबीर – ऐ." असायचं. ऐनवेळी आणायची, आधी आणली तर सुकते. पाहुणे यायचे असले की बर्फ – ऐ., पाव – ऐ. सात-आठ ओळी तशा.
तसं धरलं तर अर्थ वेगळा होतो. आधीपासून काही निवडायचंच नाही. अडचण येईल तेव्हा प्रत्येकाने एक खुबी सांगायची. पण सांगायची.

बुध. १२, धुळे
तीन दिवस डोक्यात तेच. ऐच्छिक म्हटलं की मला तिथे नुसतं बसता येतं. माझ्या सोयीचं आहे म्हणून तिचा नियम तसा वाचू द्यायचा, हे काही बरोबर नाही.
स्नेहाला फोन केला. सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे भाऊ, तुम्हालाही घ्यावी लागेल."
"हो."
"ताईंच्या मनात नक्की कुठलं असेल?"
माहीत नाही म्हणालो. खरंच माहीत नाही. कधी विचारलं नाही.

रवि. १६, जळगाव
महिनाभर ऐनवेळी करून बघायचं ठरलं. आनंद खूश. स्नेहा नाखूश, पण तसं चालवलं.
खेळात तापीला पूर, नाव उलटली. बाकीचे काठाला लागले, सखा भोवऱ्यात.
प्रफुल्ल : "भाऊ, ऐनवेळ उनी. बोला."
तिघं माझ्याकडे बघत राहिली. नोव्हेंबरात मृ.च्या खाटेपाशी डॉक्टर असेच थांबले होते, पुढे काय करायचं ते मी सांगावं म्हणून. तेव्हाही मला पटकन…
पुढच्या रविवारी सांगतो म्हणालो.
"तवलोंग नाकमा पानी जाई ना! हाई खेळ शे भाऊ, तेरवी नही." प्रफुल्ल तेराव्याचं बोलून गेला आणि त्यालाच कसंतरी झालं. म्हटलं, राहू दे रे, बरोबर आहे तुझं.
स्नेहाने खेळ तिथेच थांबवला. सखा पाण्यात.

सोम. १७, धुळे
पहाटेच्या गाडीने आलो, थेट ऑफिस.
संध्याकाळी यादी घेऊन बसलो. तीन खुब्या लागू पडतात. पाण्याखाली श्वास घेणं, माशांना बोलावणं, हलकं होणं. यातली कुठलीही सांगितली तर सखा वाचतो. त्यात माझं काय? नाही सांगितली तर पुन्हा नियमावर भांडण, आणि या वेळी मीच मोडला असं होईल.
रकान्यात पेन्सिलीने लिहिलं : दम धरणं.
हे यादीत नाही. स्नेहा घेईल का माहीत नाही. आनंद तर नक्की म्हणेल, ही काय खुबी झाली. खोडावं का, तेही ठरत नाही.
भाकरी गार झाली होती. तव्यावर गरम केली, जेवलो. ताट धुऊन पालथं ठेवलं.