पाहुणीला शिव्या देत नाहीत

तीर्थस्वरूप ज्युदित्तामावशी,

तुमच्या दोन्ही हातांना ओठ टेकवून भाचा एउजेनियो याचा नमस्कार. तोरिनोच्या धुक्यात गुडघे कसे आहेत? (दुखत नाहीत असं कळवू नका, मग पत्रात लिहायला उरणार काय?) इथे सर्व क्षेम. टोमॅटो उतरले, बाटल्या भरल्या, आणि तुमच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे आमच्या ओर्तेन्झियामावशीचा, आवाज अजून खालच्या नळापर्यंत जातो. हे पत्र त्या आवाजाबद्दलच आहे.

झालं असं, की बोलोन्याहून विद्यापीठातल्या मालागुतीबाई आल्या. चष्मा मोठा, भूक लहान (हा त्यांचा पहिला अपराध). त्या दक्षिणेकडच्या बोलींचा नकाशा करतात. प्रत्येक बोलीला एक ठिपका. आपल्या खोऱ्याच्या वाट्याला एकच ठिपका होता, आणि शनिवारपर्यंत गावातल्या अस्सल माणसाचं बोलणं यंत्रात उतरलं नाही, तर तो नदीपलीकडच्यांना जाणार होता. ज्यांनी आपली घंटा पळवली (असं आपण म्हणतो), त्यांच्या तोंडाने आपण जगाला ऐकू येणार! न्हाव्याचं जेवणावरून लक्ष उडालं.

ठिपका वेगळा का हवा, हे मी बारमध्ये उभं राहून समजावलं. (नेपल्सला संस्कृत शिकून पोटासाठी भूगोल शिकवणाऱ्या माणसाला अशी संधी वारंवार येत नाही.) आपण शब्दाचं शेपूट गिळतो, म्हणजे प्रत्ययाचा लोप होतो. पण तो प्रत्यय जाता जाता आतल्या स्वराला चिमटा काढून जातो, आणि एक की अनेक, पुल्लिंग की स्त्रीलिंग, हे त्या चिमट्यावरूनच ओळखायचं. एक पाय 'पेर', दोन पाय 'प्येर'. काळा तो 'नीर', काळी ती 'नेर'. संस्कृत वैयाकरण खूश झाले असते: प्रत्यय लोपला तरी त्याचं कार्य मागे उरतं. (आजोबांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्यांच्या खुर्चीपाशी कोणी शिट्टी वाजवत नाही, तसंच.) पलीकडच्यांचा स्वर मात्र असा फुटत नाही, नुसती हनुवटी किंचित वर करतो. त्यांचे पाय किती, हे ऐकण्यापेक्षा मोजून घेतलेलं बरं. न्हावी म्हणाला, "म्हणजे गुरुजी, ते लंगडेच की!" शास्त्रचर्चा तिथेच संपली.

बोलायला सर्वानुमते ओर्तेन्झियामावशीची निवड झाली. ती गावाबाहेर कधी राहिली नाही, आणि ती बोलत असताना दुसऱ्या कोणाला बोलावं लागत नाही. तिने मोत्यांच्या कुड्या घातल्या, बदामाची बिस्किटं मांडली, आणि यंत्रासमोर ताठ बसून टीव्हीवरच्या बातम्यांचं इटालियन सुरू केलं. "आमच्या गावचे हवामान आल्हाददायक आहे." प्रत्येक शब्दाचं शेपूट जागच्या जागी! मी खुणा केल्या, तेव्हा मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. "अरे गाढवा, परक्याच्या लेकीसमोर घरची बोली बोलू? उद्या म्हणशील परकरावर जाऊन दार उघड!" हे अर्थात शुद्ध बोलीत. यंत्र बैठकीत राहिलं होतं.

शुक्रवारपर्यंत हवामान आल्हाददायकच होतं. शनिवारी टोमॅटोच्या रसाच्या बाटल्या उकळायचा घाट. बाईंची गाडी संध्याकाळची, नुसतं बसवेना, म्हणून त्यांनीही एप्रन बांधला. हंड्यात बाटल्या रचताना मधे चिंध्या घालायच्या असतात, हे बोलोन्याला शिकवत नसावेत. पाणी उकळलं, आतून फाटकन आवाज झाला, आणि हंडा लाल. मावशीने हंड्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि तोंडाचा पट्टा सुटला. "अगं आंधळे! हे हात आहेत का पाय? तुझ्या खानदानात मेलेल्यांनी तरी कधी बाटली भरली होती का गं?" दात, पाय, पूर्वज, सगळे आले, एकवचनात आणि अनेकवचनात, आणि प्रत्येक स्वर जिथे फुटायला हवा तिथे फुटला. मग जो तो चिंध्या शोधू लागला. आपल्याकडे पाहुणीला शिव्या देत नाहीत. तो मान घरच्यांचा. मावशीच्याही ते ध्यानात आलं, तशी ती कुड्या चाचपू लागली. बाई मात्र डोळे पुसत हसत होत्या. "मावशी, थांबा, यंत्र आणते. पुन्हा बोला ना!"

यंत्र आलं. मावशी म्हणाली, "कृपया मध्ये कापड घालावे."

तेव्हा बाईंनी चालू यंत्र मुकाट्याने एप्रनच्या खिशात टाकलं आणि माझ्या डोळ्यांदेखत दुसरा हंडा चिंध्यांशिवाय रचला. विद्येसाठी एवढा टोमॅटो कोणी खर्च केलेला मी पाहिला नाही. ठिपका आपला झाला असं समजा.

तिकडच्या लहानथोरांना ज्याला जे शोभेल ते सांगा.

तुमचा, भूगोलात दिवस काढणारा,
एउजेनियो

ता. क. 'समजा' म्हटलं, कारण बाईंनी खिशातली चोरी संध्याकाळीच कबूल केली, आणि होकाराशिवाय ठिपका पडत नाही. मावशीचा होकार आहे. पण तुमचाही हवा. दुसऱ्या हंड्यातल्या बाटल्या फुटल्या तेव्हा दाखल्यासाठी तुमचं नाव निघालं. "आमच्या ज्युदित्तासारखी थोटी" इथून सुरुवात झाली आणि पुढे चढत गेलं. बाईंच्या मते शास्त्रीयदृष्ट्या तेवढाच भाग निर्दोष आहे.

आणखी ता. क. तुम्ही तोरिनोला गेल्यापासून दोघी बहिणी फोनवर एकमेकींशी बातम्यांसारखं बोलता, याचा मी उल्लेख करणार नव्हतो. मावशीचा निरोप मात्र जसाच्या तसा: "चिडली तर फोन कर म्हणावं तिला. पण आपल्या बोलीत चीड. नाहीतर मला वाटेल, कोणी परकीच रागावलीय."