कपाळामागची गाठ

सोमवार, ९ फेब्रुवारी

प्रिय चिमे,

आशीर्वाद आहेतच, तू कितीही मोठी झालीस तरी. आम्ही ठीक. झिजलेली कॉलर उलटून शिवून घेणारी गिऱ्हाइकं अजून दुकानात येतात, म्हणजे जग अगदीच वाया गेलेलं नाही. वहिनी बरी आहे. लेक तिसरीत आहे, बोलते मात्र आजीबाईसारखी.

मुद्द्याचं लिहितो. येत्या शनिवारी ये आणि दोघींना तुझ्याकडे घेऊन जा. वहिनीला सांग, 'माझी पाठ धरलीये, घरात कुणीतरी हवंय.' ती येईल.

गेल्या मंगळवारी मी एक पांढरा शर्ट इस्त्रीखाली जाळला. डोळ्यांत धूर गेला तेव्हा कळलं. वास आलाच नाही. तीन वर्षांपूर्वीही आधी वासच गेला होता, आठवतं? मग शाळेतले ते मास्तर शर्ट न्यायला आले, बाही आखूड झाली म्हणून हसले, आणि मी इस्त्री उचलून त्यांच्या खांद्यावर घातली. हाड मोडलं. कोठडीत मला फिट आली म्हणून तपासणी झाली, नाहीतर आज तुला तुरुंगातून लिहिलं असतं. कपाळामागे लिंबाएवढी गाठ! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूचा हा पुढचा भाग माणसाला आवरून धरतो. तुमचा तोच दाबला गेलाय." गाठ काढली, मी निवळलो. मास्तर कोर्टात माझ्या बाजूनं बोलले, मी सुटलो. सगळे म्हणाले, तो नव्हताच, गाठ होती. मीही तेच म्हणत आलो.

एक गोष्ट तुला खोटी सांगितली होती. वहिनीच्या दंडावरचा डाग उकळत्या पाण्याचा नाही. तीही इस्त्रीच. मास्तरांच्या महिनाभर आधी. ती ओरडली नाही, कारण लेक शेजारच्या खोलीत होती.

आणि परवाच्या शुक्रवारी, भर दुपारी, लेक अभ्यास करता करता तेच ते गाणं गुणगुणत होती. मी कापडावर खडूनं आखत होतो. मग एकदम दिसलं ते हे, की मी तिच्यामागे उभा आहे आणि तिच्या वेणीचे माझ्या मुठीला दोन वेढे. तिला वाटलं, खेळतोय. "बाबा, दुखतंय हं," म्हणाली आणि हसली. कधी उठलो, तेही आठवत नाही.

पुढच्या बुधवारी पुन्हा डोक्याची तपासणी आहे. तोवर दोघी या घरात नकोत. मी फोनवर गोड बोलेन, रडेन, रागावेनही. विरघळू नकोस.

तुझा दादा

---

गुरुवार, १९ फेब्रुवारी

चिमे,

काल फोनवर तू आनंदानं रडायला लागलीस, म्हणून पुढचं बोललो नाही. हो, डोकं स्वच्छ आहे. गाठीचा मागमूस नाही. "वास काय, साध्या सर्दीनंही जातो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणखी काही त्रास?" मी नाही म्हणालो.

बाहेर येऊन पायरीवर बसलो तो उठवेना. गाठ सापडली असती तर बरं झालं असतं, असं कुणी म्हणतं का गं? मी म्हणत होतो. गाठ नाही, तर मग वेणी कुणी धरली?

कधी उठलो ते आठवत नाही, असं तुला लिहिलं होतं. आठवतं. खडू खाली ठेवला, चार पावलं चाललो. तिला गप्प करायचं होतं.

आज सकाळी परत गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं. डाग, वेणी, चार पावलं. त्या बराच वेळ लिहीत होत्या. मला वाटत होतं, आता मान वर करतील आणि म्हणतील, तुमचा दोष नाही. म्हणाल्या नाहीत. "मनाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देते. महिने लागतील. तोवर वेगळे राहता आहात ते बरं आहे," एवढंच.

वहिनीनं परत यायला बॅग भरलीये म्हणालीस. तिला थांबव. ही दोन्ही पत्रं तिला वाचून दाखव, एक ओळही गाळू नकोस. मला फार भीती वाटते, चिमे. या वेळी कापून काढायला काही नाही.

तुझा दादाच. दुसरं कुणी नाही.