मास्तरायच्या सायकलीची सीट

रविवार, ९ नोव्हेंबर

सीट खाली होती!

मास्तर आंघोळीले गेले अन् मी अंगणात सायकल पुसाले घेतली, तवा ध्यानात आलं. आमचे मास्तर ताडमाड. त्यायची सीट माह्या छातीपर्यंत येते. आज कमरेले लागली. म्हंजे त्यावर कोनीतरी ठेंगनं बसलं होतं, अन् बसाच्या आधी निवांत खाली करून बसलं होतं.

ही सायकल म्हंजे मास्तरायचा जीव. शाळेतून रिटायर झाल्यावर घेतली – काळी, गिअरवाली. दिवाळीत निकिता पुण्याहून आली, तिनं गल्लीत एक चक्कर मागतली तं पोटच्या पोरीले देली नाही. "तुले गिअर समजत नाही," म्हणे. मले तं फडकं मारन्यापुरताच हात लावू देतात. मग बाहेर कोनाले देतात?

दर रविवारी पाच-सहा जन वाशिमहून सायकलीनं अनसिंगले जातात, तिथं आलुबोंडा खातात, वापस येतात. त्यायच्यात एक बाईबी हाये. योगिनी. शेतकी खात्यात नोकरीले. फोटोत पाह्यली मी. ठेंगनी हाये.

सोमवार, १० नोव्हेंबर

विचारलंच. "काल सीट काहून खाली होती?"

मास्तर म्हणले, "काल वारा लय होता."

सीटचा अन् वाऱ्याचा काय संबंध? जन्मभर खोटं बोलले नाहीत, म्हून आता जमत नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

मास्तर झोपले दुपारी, तवा त्यायचा मोबाईल पाह्यला. हो, पाह्यला. बायको हाये मी.

सायकलवाल्यायचा ग्रुप हाये त्यात. कोनती सायकल कोनाची, त्याचं तिथं कवतिक चालते. मदनसिंग – बसस्टँडजवळ त्याचं टायरचं दुकान हाये, मास्तरायचा जुना विद्यार्थी, ग्रुपचा म्होरक्या – त्यानं आपल्या बापाची जुनी काळी घोडा सायकल टाकली. योगिनीची निळी, समोर टोपली लावलेली. लिहिलं काय, तं "माझी निळावंती." नावंबी ठिवतात!

अन् आमचे मास्तर! एकाच दिवशी तीनदा तोच फोटो. तीनदा तेच वाक्य – "ही माझी सायकल, अद्याप कुरकुर नाही." अन् योगिनीनं तीनही बार बदाम पाठवला. "वा सर, मस्त!" तीनही बार! बाकीच्यायनंबी. पह्यल्यांदाच पाह्यल्यासारखं.

या वयात एका बाईच्या "वा"साठी तीनदा फोटो टाकाचा? साठी बुद्धी नाठी म्हणतात ते उगाच नाही. म्हातारचळ हाये हा.

मले राग येऊन राह्यला अन् रडूबी येऊन राह्यलं. दोन्ही संगं.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज तं कहर. मास्तर निळी सायकल घेऊन घरी आले. टोपलीवाली!

"ही कोनाची?"

"कोनाची म्हंजे? माहीच," म्हणले. अन् मोठ्या हुशारीनं कुलूप लावून चाबी खिशात घातली. डोळ्याची पापनी हालली नाही.

थोड्याच वेळात योगिनी हजर. मास्तरायच्या काळ्या सायकलवर. सीट खाली! हसत हसत म्हणली, "काकू, आमच्यात नियम आहे – जाताना आपली, येताना दुसऱ्याची. गावाजवळच्या पुलावर पुन्हा बदलून घ्यायची. आज राहून गेलं." मास्तर तिथंच उभे. पोट्टं शाळेत पकडलं गेल्यावर असते तसं तोंड. तिनं त्यायच्या खांद्याले हात लावला – माह्या देखत – अन् म्हणली, "सर, चाबी द्या न."

मी चहा इचारला नाही. घरी आलेल्या मानसाले चहा न इचारन्याची ही माही पह्यली बारी.

सोमवार, १७ नोव्हेंबर

संध्याकाळी मास्तर सायकलनं भाजीले गेले. तेवढ्यात त्यायचा मोबाईल वाजला. तिचा! मी उचलला.

"सर पोचले का घरी?"

"कुठून?" मी म्हटलं.

"नाही, सहज विचारलं काकू. मघा चौकात दिसले होते. आले की मेसेज करा हं." ठिवून देला.

माहा नवरा घरी पोचला का नाही, ते हिले कायले पाह्यजे? अन् मास्तर आले तं रिकामी थैली घेऊन. मेथी आनाले धाडलं होतं. "बजार बंद होता," म्हणे. सोमवारी बजार बंद! लक्ष कुठी हाये, ते का मले समजत नाही?

गुरुवार, २० नोव्हेंबर

सायकलीच्या दांड्यावर, सीटच्या खाली, एक चिठ्ठी चिकटवलेली. वरून पारदर्शक टेप. त्यावर मोबाईल नंबर. मी माह्या फोनवर पुरता दाबला नाही, पन मास्तरायच्या मोबाईलमधल्या नंबराशी जुळवून पाह्यला – योगिनीचाच.

माहा नाही. तिचा.

निकिताले फोन केला. सगळं सांगतलं. पोट्टी हसली. "आई, तू पोलिसात पाहिजे होतीस. बाबांना काय जमणार आहे ते?" मी म्हटलं, तुह्या बापाले काय जमते अन् काय नाही, ते मले इचार. फोन ठिवून देला. तवर भाजी करपली.

रविवार, २३ नोव्हेंबर

गच्चीवर लपून पाह्यलं. वाळवनाच्या चादरीमागून.

मास्तर गल्लीत वळले. त्यायच्या मागं कोपऱ्यावर दोन सायकली थांबल्या. मदनसिंग अन् योगिनी. मास्तर फाटकातून आत जायेपर्यंत दोघं तिथंच उभे. मास्तर आत गेले तवा एकमेकायकडं पाह्यलं, मान हालवली.

म्हंजे मदनसिंगबी सामील हाये. पाहारा देते! मास्तरायनं शिकवला, वही-पुस्तकं देली, त्याचं हे फळ.

मी धडधडत खाली उतरली अन् गल्लीतच धरला त्याले. योगिनी तवापर्यंत निघून गेलती. "काय चालू हाये बाबू हे?"

तो गडबडला. "काकू, तुमाले तं माहीतच हाये न."

"काय माहीत हाये?"

तेवढ्यात मास्तर फाटकात आले. "कोन हाये?" मदनसिंगनं मान खाली घातली. "सरासमोर नाही बोलत मी काकू," म्हणला, अन् टांग टाकून निघून गेला.

चोराच्या मनात चांदनं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

रविवारी मीबी जाते अनसिंगले. एसटीनं. त्यायच्या आधी जाऊन बसते हॉटेलात. मास्तरायले सांगतलं, देवळात पोथी हाये.

मले धाक वाटून राह्यला. जे दिसन ते दिसन. पन एवढी वर्षं संग काढली, अन् आता कोन्या टोपलीवालीनं मले बाहेर काढावं – हे मी होऊ देनार नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

घरी आल्याबरोबर उभ्या उभ्याच लिहून राह्यली. अक्षर वाकडं यीन.

बसस्टँडच्या हॉटेलात कोपऱ्यात बसली, डोक्शावर पदर घेऊन. उन्हं वर आली अन् ते आले. पुढं मदनसिंग, मधात मास्तर, त्यायच्या मागं चिकटून योगिनी. बाकीचे गप्पा मारत. मास्तरायची सायकल तिनं स्टँडवर लावली. पान्याची बाटली उघडून देली. आलुबोंडा फोडून थंडा करून देला. माय, निकिताले लहानपनी मी असं खाऊ घालत जाय.

मास्तर हात धुवाले मागं गेले तशी मी उठली. "काय व, माह्या नवऱ्याची लय सेवा करतं तू!"

सगळं हॉटेल पाहाले लागलं. योगिनीचं तोंड उतरलं. पन ती भांडली नाही. म्हणली, "काकू, बसा. तुम्हाला खरंच माहीत नाही?"

मंग मदनसिंगनं सांगतलं. त्याचं म्हननं – मास्तर रस्ता चुकतात. पोळ्याच्या पुढच्या रविवारी इथून वापस निघाले, सगळे पुलावर थांबले, मास्तर आलेच नाहीत. दिवस मावळता सापडले ते तिकडं आसेगावच्या फाट्यावर. हातात दुसऱ्याचीच सायकल. "सर, इकडं कसे?" तं म्हणले, "शाळा भरली असन."

तवापासून ग्रुपनं तो अदलाबदलीचा नियम बंद केला; त्या दिवशी योगिनीनं मले सांगतला तो मास्तरायची लाज राखाले. पन मास्तर ऐकत नाहीत, हाताले लागन ती सायकल घेतात अन् निघतात. मंग ज्याची नेली, तो मास्तरायची घेऊन मागं मागं. बहुतेक योगिनीचीच नेतात. म्हून सीट खाली. चिठ्ठीबी तिनंच लावली. "तुमचा नंबर मी सरांना विचारला होता काकू. त्यांनी सांगितला, पण तो लागेना. घरचा जुना फोन होता, वायरीचा."

तो फोन तं निकिता शाळेत होती तवाच काढून टाकला आमी.

"सर म्हणायचे, घरी सगळं माहीत आहे," योगिनी म्हणली. "खरं सांगू? आम्हाला तुमचाच राग यायचा. अशा माणसाला एकट्याला कसं सोडतात, असं वाटायचं. मी तर मदनभाऊंना म्हटलं, काकूच काहीतरी लपवून राहिल्या."

म्हंजे संशय माह्यावर! उलटा चोर कोतवाल को डाँटे!

तेवढ्यात मास्तर आले. मले पाह्यलं अन् तोंड फुलून आलं. "अरे, वैजयंती! तू कवा आली?" अन् आपला अर्धा आलुबोंडा माह्यापुढं ठिवला. वळखलं की नाही? सगळ्यायसमोर, नावानं!

मी योगिनीकडं पाह्यलं. पाहा म्हटलं, मनात.

मंगळवार, २ डिसेंबर

माहा इश्वास नाही.

सबब हाये ही. चोरी पकडल्या गेली, म्हून आता बिमारी काढली. ज्या मानसानं या जिल्ह्यात अर्धा जन्म मास्तरकी केली, गावोगाव बदल्या भोगल्या, त्याले अनसिंगचा रस्ता सापडत नाही?

आज परीक्षा घेतली. संध्याकाळी जवळ बसली अन् इचारलं, इंझोरीच्या शाळेत तुमच्या पह्यल्या वर्गात कोन कोन होतं? मास्तरायनं डोळे मिटले अन् हजेरी घेतल्यासारखी नावं सांगतली. कोनाचा बाप काय करे, कोनाले पाढे येत नसत, कोनती पोट्टी पाटीवर मोराचं चित्र काढे. आमचं लग्न कोन्या मांडवात झालं, पंगतीत काय होतं, माह्या लुगड्याचा रंग – सगळं. मी तं लुगडं इसरून गेली होती.

याले का इसरनं म्हणतात? एवढं पक्कं ध्यान माह्या ओळखीत कोनाचं नाही.

डॉक्टरकडं नेनार नाही. अकोल्याचा कोनता डॉक्टर त्या मदनसिंगनं सांगतला, त्याचा कागद चुलीत घातला.

गुरुवार, ४ डिसेंबर

निकिताचा फोन. योगिनीनं तिले शोधून काढलं अन् सगळं सांगतलं म्हणे! पोट्टी रडत होती. "आई, मी येते."

मी म्हटलं, ये. बापाले भेट. डोळ्यानं पाह्य. ठनठनीत हाये.

रविवार, ७ डिसेंबर

आज मास्तरायले सायकलवर जाऊ देलं नाही. दुपारी चहा देला. त्यायनं दाराकडं पाह्यलं, कोनी नाही हे पाहून घेतलं, अन् हळूच म्हणले, "ताई, बसा. तुमाले एक सांगतो. या घरात एक बाई शिरली हाये. माहा मोबाईल पाह्यते, खिशे पाह्यते, गच्चीवरून पाळत ठिवते. पन माह्या वैजयंतीले सांगू नोका. ती लय घाबरते."

मी म्हटलं, नाही सांगत.