इंद्रभान इंजिनिअरिंग वर्क्स आणि दोन म्हशी

३ मार्च, सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. ही कुणी वाचू नये. वाचण्याच्या लायकीचा माणूस या घरात नाही, गावात तर नाहीच.

निर्णय झाला. घरामागच्या मोकळ्या जागेत चाळीस बाय वीसचं पत्र्याचं शेड. अर्ध्यात बायकोच्या, सत्यशीलाच्या, दोन म्हशी, अर्ध्यात माझं वेल्डिंगचं वर्कशॉप. मधे भिंत. सगळं शेड इन्सुलेटेड. बाहेर त्रेचाळीस असेल तेव्हा आत बत्तीस. जालना जिल्ह्यात असं कुणी केलेलं नाही, कारण जालना जिल्ह्यात डोकं कुणी वापरत नाही.

मी स्टील कंपनीत बावीस वर्षं स्टोअरकीपर होतो. इंजिनियर लोक यायचे, वस्तूचं नाव धड सांगता यायचं नाही, मी ओळखून काढून द्यायचो. खरा इंजिनियर कोण, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

५ मार्च

बायकोला प्लॅन दाखवला. कागद उलटा धरून पाहिला. म्हणाली, वर्कशॉपात काय करायचं ते करा, पण म्हशीला सावली पायजे. गेल्या उन्हाळ्यात लिंबाखाली ताडपत्रीत दोघी जीभ काढून उभ्या होत्या आणि काळीचं दूध निम्म्यावर आलं, हे तिनं मला चौथ्यांदा ऐकवलं. मोरी गाभण आहे, मेमध्ये व्यायची आहे, हे पाचव्यांदा.

शेवटी अट घातली. आखितीपर्यंत गार गोठा झाला तर झाला, न्हाई तर म्या दोघींना घेऊन आष्टीला अंगदकडं जाते. अंगद म्हणजे माझा मेहुणा. त्याच्या गोठ्यात पंखे आहेत. हे तो लग्नकार्यातसुद्धा सांगतो.

मी हसलो. आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, छप्पन्न दिवस आहेत.

१२ मार्च, सायंकाळी

कचरू मिस्त्रीला भोकरदनला पाठवलं. स्पष्ट सांगितलं, इन्सुलेशन आण, चांगल्यातलं. काळ्या चिकटपट्टीचे चोवीस बंडल घेऊन आला. वायरीला लावायची पट्टी. म्हणे दुकानात होतं तेवढं समदं इन्सुलेशन उचललं, बराबर मोजून घेतलं. दुकानदार परत घेत नाही. कचरू माफी मागत नाही. उलट विचारतो, आजून लागंल का.

१८ मार्च

स्वतः जुन्या जालन्याला गेलो. तयार इन्सुलेशन पॅनलची चौकशी केली. दुकानदारानं आधी विचारलं, कोल्ड स्टोरेज आहे का? म्हणालो, म्हशी आहेत. तो आतल्या माणसाला हाक मारून म्हणाला, ऐक रे, आणि मला पुन्हा सांगायला लावलं.

त्या दुकानात पाय ठेवणार नाही. पॅनलमध्ये तरी काय असतं? दोन पातळ भिंती आणि मधे भुसभुशीत काहीतरी. हे मी घरी करीन.

येताना बोर्ड रंगवायला टाकला: इंद्रभान इंजिनिअरिंग वर्क्स. पेंटर म्हणाला, खाली म्हशीचं चित्र काढू का, जागा शिल्लक हाय.

३० मार्च, पाडवा

खांब उभे, पत्रे चढले. धाकटा भाऊ बिभीषण न विचारता ट्रॅक्टर घेऊन आला आणि सोयाबीनच्या गुळीच्या दोन ट्रॉल्या रिकाम्या करून गेला. मळणीनंतरचं भुस्कट, त्याच्या बैलांसाठी ठेवलेलं. म्हणाला, दादा, भिताडात भरायला कामी येईल. चहा न घेता गेला.

मागितली नव्हती. समोरच्याला उपकारात ठेवायचं, ही याची लहानपणापासूनची खोड. गुळी मात्र चांगली कोरडी आहे.

३ एप्रिल

आजचा दिवस महत्त्वाचा. फॉर्म्युला तयार झाला.

तुराट्यांचे, म्हणजे तुरीच्या काड्यांचे, दोन कूड, मधे वीतभर पोकळी. पोकळीत भरायचं मिश्रण, दर दहा घमेली गुळीला:
गुळाचं पाणी एक बादली. बाइंडिंगसाठी. जुन्या चुन्याच्या भिंतीत गूळ घालायचे.
मक्याचा भरडा दोन घमेली. फिलर.
सरकीची पेंड एक घमेलं, भिजवून. तेलकट असते म्हणून वॉटरप्रूफिंग.
मीठ दोन मुठी. वाळवी येत नाही.

कचरू पाटी खाली ठेवून बघत राहिला. म्हणाला, भाऊ, हे भिताडासाठी हाय का म्हशीसाठी? मी त्याला पाटी उचलायला सांगितलं. अडाण्याला टेक्निकल गोष्ट समजावत बसलं की काम मागं पडतं.

सत्यशीलानं मिश्रणात हात घातला, वास घेतला, आणि म्हणाली, लईच चांगलं कालवलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पहिल्यांदा माझ्या कामाला चांगलं म्हणाली.

९ एप्रिल

चारही बाजूंचे कूड आणि मधली भिंत भरून झाली. वर मातीचा पातळ लेप. म्हशी आत आणल्या. काळी लगेच भिंतीला चिकटून उभी राहिली. जनावराला गारवा कुठे आहे ते बरोबर कळतं.

दुपारी तापमान: बाहेर एक्केचाळीस, आत एक्केचाळीस. भिंत ओली आहे. वाळली की फरक दिसेल.

१४ एप्रिल

काळीचं दूध सातचं नऊ लिटर. भर उन्हाळ्यात. बत्तीस अंश अजून आलेले नाहीत पण इन्सुलेशन आतून काम करतंय, हे सिद्ध झालं. घरच्या ग्रुपवर टाकलं, इन्सुलेशनमुळे दुधात तीस टक्के वाढ. अंगदनं नुसता अंगठा पाठवला. जळतो.

सत्यशीला म्हणाली, भिताडाचा लेप खालून गळून राह्यला, बघा जरा. बघितलं नाही. यश मिळालं की चुका काढणारे पुढे येतातच.

१८ एप्रिल, सकाळी ७

गंभीर प्रकार. भिंतीतलं मिश्रण कमी झालंय. ठोकून पाहिलं. कमरेच्या खाली सगळीकडे पोकळ आवाज. तुराट्याही मोडलेल्या.

उंदीर इतकं नेत नाहीत. हे माणसाचं काम आहे. माझा फॉर्म्युला कुणाला तरी हवाय.

२१ एप्रिल

चोर सापडला. बिभीषणच्या बैलांच्या दावणीत गुळी पडलेली पाहिली. सत्यशीला म्हणाली, त्यायचीच गुळी हाय, त्यायच्या दावणीला असंन न्हाई तर काय. म्हणाली, भावजींचं नाव घेऊ नका, सांगून ठेवते.

ही नेहमी त्याची बाजू घेते. आईसुद्धा त्याचीच बाजू घ्यायची. मी चोपन्न वर्षांचा आहे आणि आजपर्यंत कुठल्याही भांडणात माझ्या बाजूनं एक माणूस उभा राहिलेला नाही. याचा अर्थ सगळे चूक आहेत.

२४ एप्रिल

ग्रामपंचायतीत लेखी अर्ज दिला. सरपंच अण्णासाहेबांनी दोनदा वाचला. म्हणाले, इंद्रभानराव, भिंत चोरीला गेली असं लिहू का भिंतीतलं? मी म्हणालो, भिंतीतलं टेक्निकल मटेरियल. बिभीषणला बोलावलं. पंधरा-वीस माणसं गोळा झाली.

मी तोंडावर सांगितलं, दिलेलं परत न्यायचं होतं तर मागून न्यायचं. तो म्हणाला, दादा, म्या तुमच्या भिताडाला बोट लावलं असंन तर मह्या हाताला किडे पडू द्या. मग माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिला. मी नजर हटवली नाही. तोच उठून गेला.

अण्णासाहेब म्हणाले, बिलकुल बरं केलं न्हाई तुम्ही.

घरी आलो तर सत्यशीला बोलत नाही. माझं काम शांततेत होईल.

२७ एप्रिल

बाहेर बेचाळीस, आत एक्केचाळीस. एका अंशाचा फरक. सुरुवात एका अंशानंच होते.

काळीचं दूध साडेनऊ. दोन्ही म्हशींच्या अंगावर चमक. मोरीचं पोट जास्तच मोठं वाटतं, जुळी असतील. म्हशीला जुळी क्वचितच होतात, पण अशा गोठ्यात काहीही शक्य आहे.

३० एप्रिल, अक्षय तृतीया, दुपारी १२

उद्घाटन. बोर्ड लागला, पेंटरनं न विचारता म्हैस काढलीच आहे. अण्णासाहेब फीत कापणार. पन्नासेक माणसं. बिभीषणही आलाय, मागे उभा आहे. मी बोलावलं नव्हतं. सत्यशीला जाऊन हात जोडून घेऊन आली म्हणे. भाषण पाठ आहे. आणखी नंतर लिहितो.

३० एप्रिल, दुपारी ४

जे झालं ते फक्त नोंद म्हणून लिहितो.

अण्णासाहेबांनी वर्कशॉपच्या दारातली फीत कापली. मी भाषणात इन्सुलेशन या शब्दावर आलो तेव्हा मधल्या भिंतीचा लेप फुगला आणि काळीचं डोकं भिंतीतून बाहेर आलं. शिंगांवर तुराट्या, तोंडात माझा फॉर्म्युला. चावत होती. तिनं सगळ्यांकडे पाहिलं, वेल्डिंगच्या टेबलावर सांडलेलं थोडं चाटलं, आणि डोकं परत आत नेऊन खालचं खायला लागली.

अण्णासाहेब खाली बसले, हसून. कचरू लोकांना भिंतीत काय काय आहे ते सांगत होता. गूळ म्हणाला की हशा, पेंड म्हणाला की हशा, मीठ म्हटल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. पन्नास माणसांत एकटा बिभीषण हसला नाही. त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

मग आतून सत्यशीला ओरडली. मोरी खाली बसलेली, डावी कूस ढोलासारखी फुगलेली. जनावरांच्या डॉक्टरला फोन बिभीषणनंच केला, मोटरसायकलवर जाऊन घेऊनही तोच आला. डॉक्टरनं विचारलं, काय खाल्लं? कचरू म्हणाला, भिताड.

नळी घातली, औषध पाजलं, दीड तास चोळत बसले, सत्यशीला एका बाजूनं, बिभीषण दुसऱ्या बाजूनं. मोरी उठली. पोटातलं पारडू ठीक आहे.

मी थर्मामीटर पाहिला. पण आज तो आकडा लिहीत नाही.

१ मे

म्हशीला भिंत खायची सवय मुळात नसते. ती कुणीतरी लावली. हे मी सत्यशीलाला शांतपणे समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि टेम्पो बोलावला.

जाताना म्हणाली, भिताडाचं मला काही न्हाई. चुकत असतं माणूस. पण तुम्ही भावजींला चार माणसात चोर म्हणलात, आन खरं कळल्यावर बी दुसऱ्याचाच कसूर काढून राह्यलात. त्यायच्या दारी जाऊन माफी मागा, मंग म्या येते.

चार दिवसांत येईल. अंगदच्या पंख्याखाली तिला झोप लागत नाही.

५ मे

चार दिवस झाले. टेम्पोवाले पैसे फार मागतात, म्हणून थांबली असेल.

वर्कशॉप सुरू आहे. गिऱ्हाईक नाही. गावातली पोरं येतात, भोक बघतात आणि जातात. एकानं विचारलं, काका, आज काय बनवलंय?

११ मे

माफी मागायला माझी हरकत नाही. फक्त बिभीषणनं आधी इकडे यावं, म्हणजे मला मागता येईल. तसा निरोप कचरूबरोबर दिला. कचरू म्हणाला, भाऊ, असा निरोप म्या नेणार न्हाई.

त्याचं दार माझ्या दारापासून चाळीस पावलांवर आहे. सकाळी निघालो. तिसाव्या पावलावर त्याची सून आकांक्षा अंगण झाडत होती, म्हणाली, या ना मामंजी. मी म्हणालो, कोंबडी शोधतोय. आमच्याकडे कोंबडी नाही, हे तिलाही माहीत आहे.

१७ मे

भाकरी स्वतः करतो. त्या भाकरी म्हणण्यासारख्या नसतात. शेडमध्ये जाऊन बसतो, तिथे आता भिंती कमी असल्यामुळे वारा खेळतो. आत सदतीस. एवढं कमी तापमान पहिल्यांदाच. सांगायला कुणी नाही. ग्रुपवर टाकलं नाही.

मला तिची आठवण येते, हे लिहून ठेवतो. इथे लिहायला हरकत नाही.

२२ मे, सकाळी ९.२०

सत्यशीलाचा फोन आला. तीन रिंग वाजू दिल्या, लगेच उचलला की माणूस हलका पडतो.

मोरी व्याली. पारडी झाली. दोघी बऱ्या आहेत. मी म्हणालो, बरं झालं. ती म्हणाली, हां.

मग कामाचं. काळी तिकडे नीट खात नाही. अंगदनं विकतचा खुराक आणला, तो हुंगून बाजूला होते. दूध पाचवर आलंय. तर भिंतीत काय काय घातलं होतं आणि किती किती, ते तिला पाहिजे. अंगद वही-पेन घेऊन शेजारीच बसलाय.

मी म्हणालो, हे असं सांगून जमत नाही, हाताचा अंदाज लागतो. उद्याच्या एसटीनं येतो, चार दिवस राहतो, बसवून देतो. मी लगेच पिशवी कुठे आहे ते बघायला लागलो होतो.

तिनं विचारलं, भावजींकडं जाऊन आले का?

मी म्हणालो, परवा निघालो होतो.

मागे अंगदचा पंखा ऐकू येत होता. मग म्हणाली, मंग येऊ नका. फोनवरच सांगा.

३ एप्रिलचं पान काढलं आणि सांगितलं. गुळी, गूळ, भरडा, पेंड. तिनं लिहून घेतलं. मीठ दोनदा विचारलं, दुसरं काही विचारलं नाही.